गावच्या आडत दुकानाची वही

वऱ्हाडातल्या जुन्या दुकानदार घराण्यांत आजोबांविषयी जे सांगितलं जातं, ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. आजोबा शब्दाचे पक्के होते, त्यांच्या तराजूला कुणी नाव ठेवलं नाही, दुष्काळात त्यांनी गावाला उधारीवर जगवलं आणि जाताना कितीतरी जणांचं देणं सोडून दिलं. वाशीम जिल्ह्यातलं आसेगाव घ्या, मंगरुळपीर घ्या की कारंजा, नावं बदलतात आणि गोष्ट कायम राहते. यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं. पण माणूस भला होता एवढ्यावरून त्याचं दुकान कसं चालत होतं ते कळत नाही. भांडवल कुठून येत होतं, व्याज काय होतं, कापसाची गाडी बाजारात रिकामी झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात किती पडत होतं, हे घरच्या आठवणींत टिकत नाही. ते टिकतं वहीत. म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की गावच्या आडत दुकानाची वही हे वऱ्हाडच्या शेतीच्या इतिहासाचं अत्यंत मोलाचं आणि अत्यंत दुर्लक्षित साधन आहे, आणि आजोबांच्या आठवणी तिच्याशेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्यांना पूर्ण अर्थ येत नाही.

आधी हे दुकान काय होतं ते पाहायला हवं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर इथल्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 पर्यंत नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी आली, तीही कापसासाठीच. कापसाचं पीक असं गावाबाहेरच्या जगाशी बांधलं गेलं, पण शेतकरी आणि ते जग यांच्यामध्ये उभा राहिला तो गावचा दुकानदार. तोच बियाणं द्यायचा, मीठ-तेल-कापड द्यायचा, लग्नाला आणि बैलजोडीला पैसे द्यायचा, आणि हंगामात तोच कापूस घ्यायचा किंवा आपल्या ओळखीच्या आडत्याकडे पाठवायचा. बँक, बाजार आणि भांडार यांची कामं एका गादीवर बसलेला माणूस करत होता. आसेगावसारख्या गावांना हे दुकान म्हणजे जवळची एकमेव आर्थिक संस्था होती, आणि तिच्यावर लिहिताना आपण ती एका कुटुंबाची खासगी आठवण समजतो, ही पहिली चूक.

या संस्थेचं वरचं टोक सरकारच्या नजरेत लवकर आलं. भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने स्थापन झाला तो कारंज्यात, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातच. त्यामागोमाग 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा खास कायदा झाला आणि पुढे देशातल्या इतर प्रांतांनी बाजार कायदे करताना हा नमुना समोर ठेवला. हे पाऊल शेतकऱ्याच्या कळवळ्यातून पडलं असं मानायचं कारण नाही. निर्यातीला चोख कापूस मिळावा ही मुख्य गरज होती आणि समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचंच राहिलं. तरी बाजाराची जागा ठरली, हमाली-तोलाईचे दर ठरवता येऊ लागले, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याच्या रिवाजाला पुढे खुल्या हर्रासाचा पर्याय उभा राहिला. कारंज्याच्या या बाजाराबद्दल अहवाल आहेत, कायद्याचे मसुदे आहेत. पण ज्या गावांतून गाड्या त्या बाजारात येत होत्या, त्या गावांच्या बाजूने पाहणारा कागद एकच, तो म्हणजे दुकानाची वही.

ही वही जवळून पाहण्यासारखी असते. लांबट आकार, वर लाल कापडाचं आवरण, गुंडाळायला पांढरी दोरी. पानावर छापील रेघ एकही नसते. कागदाला उभ्या घड्या पाडायच्या आणि त्या घड्यांचेच रकाने धरून आकडे उतरवायचे. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. पहिल्या पानावर श्रीकार, हळद-कुंकू, शुभ लाभ. नवी वही सुरू होते ती दिवाळीत, पूजनानंतर. रोज घडेल ते रोजमेळात चढतं, दिवस मावळल्यावर शिल्लक मोजून गल्ल्याशी ताडून पाहतात, आणि मग प्रत्येक रक्कम खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर जाते. तारखेऐवजी तिथी असते, त्यामुळे व्यवहार सणाशी आणि शेतीच्या कामाशी आपोआप जोडला जातो. लिपी घराण्यावर अवलंबून: मराठी घरांत मोडी, गुजराती घरांत गुजराती, मारवाडी घरांत महाजनी. हे सगळं शिकायला मुनिमाच्या हाताखाली वर्षं घालवावी लागत, आणि ही कारागिरी लोहाराच्या किंवा विणकराच्या कसबापेक्षा हलकी मानायचं काहीच कारण नाही.

आता अशा वहीतून काय निघतं ते पाहा. एखाद्या कुळाच्या खात्यावर मृगात बियाण्याची रक्कम नावे पडली आणि महिन्याभरात त्याच बियाण्याची तेवढीच रक्कम पुन्हा पडली, तर त्या वर्षी दुबार पेरणी झाली हे कळतं. दहा कुळांच्या खात्यांवर तेच दिसलं, तर त्या शिवारात पाऊस कुठल्या पंधरवड्यात दगा देऊन गेला तेही कळतं. जिल्ह्याच्या पर्जन्यमापकावर हा तपशील उमटेलच असं नाही. पोळ्याची खरेदी किती घटली यावरून गावाचा हात किती आखडला ते समजतं. कापूस विकल्यानंतरच्या पट्टीत हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी एकेक वजावट वेगळी मांडलेली असते, आणि त्या ओळी बेरजेला घेतल्या की बाजारभाव आणि शेतकऱ्याच्या पदरात पडलेला भाव यांतलं अंतर समोर येतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, तेव्हा रुपये-आणे-पैचे हिशेब नव्या पैशांत कसे बसवले, 1962 नंतर मण-शेर जाऊन क्विंटल-किलो सक्तीचे झाले तेव्हा जुन्या बाक्या कशा उतरवल्या, हेही वहीतच दिसतं. जुनं माप गेलं तरी धंद्याची सवय किती चिवट असते याचा एक दाखला म्हणजे खंडी: रुईचा भाव आजही 784 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 356 किलोंच्या खंडीवर सांगतात.

पण वहीतली सगळ्यांत महत्त्वाची बाब तिच्या दुसऱ्या बाजूला असते. गावचा दुकानदार स्वतःच्या पैशावर क्वचितच उभा असे. कारंज्याच्या किंवा अकोल्याच्या मोठ्या पेढीकडून तो हंगामापुरती रक्कम उचलायचा, त्यावर व्याज द्यायचा, आणि तीच रक्कम जास्त व्याजाने गावात फिरवायचा. म्हणजे गावात सावकार असलेला माणूस बाजारात कर्जदार होता. मुंबईत भाव कोसळला की पेढीचा तगादा यायचा, आणि तो तगादा दुकानदार खालच्या कुळांकडे ढकलायचा. घरच्या आठवणीतले आजोबा अमुक वर्षी अचानक कठोर का झाले, किंवा एखादं शेत कुणाच्या नावावरून घराच्या नावावर कसं आलं, याचं कारण पुष्कळदा स्वभावात सापडत नाही. ते पेढीच्या खात्यावर सापडतं. या माणसाला संत ठरवणारी आठवण आणि राक्षस ठरवणारी आठवण, दोन्ही अपुऱ्या पडतात त्या इथे.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. ही वही म्हणजे सावकारीचा दस्तऐवज. ज्या कागदाने शेतकऱ्याची जमीन गेली तो जपायचा कशासाठी? 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जो उठाव पसरला, त्यात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या शोधून-शोधून जाळल्या, आणि त्यांचा राग अनाठायी नव्हता. त्या काळी तो कागद जिवंत शस्त्र होता. आज तो तसा राहिलेला नाही. खात्यावरच्या बाकीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वहीवरून कुणाची वसुली होणार नाही. उलट अन्याय झाला होता हे आकड्यानिशी दाखवायचं असेल, तर पुरावा तिथेच आहे. लक्ष्मण सत्या यांनी 1997 मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एवढ्या मोठ्या विषयाचा सरकारी दप्तरांच्या बाजूने अभ्यास होऊ शकतो, तर गावाच्या बाजूनेही व्हायला हवा. कर्जदार घराण्याच्या नातवालाही या वहीवर तितकाच हक्क आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: वह्या खोट्या असतात, एक दाखवायची आणि एक ठेवायची. हे घडत होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण 1872 च्या पुरावा कायद्याने याचा विचार फार समतोलपणे केला होता. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतल्या नोंदी ग्राह्य धराव्यात, मात्र केवळ त्या नोंदींवर कुणावर देण्याची जबाबदारी टाकू नये, असं त्याचं कलम 34 सांगत होतं. इतिहासाच्या अभ्यासकानेही तेवढीच सावधगिरी बाळगावी. शिवाय नफा लपवणाऱ्यालाही मिठाचा भाव, गाडीभाडं आणि हमालाची मजुरी खोटी लिहायचं कारण नसतं, आणि आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी नेमक्या त्याच आहेत. कुळांची नावं उघडी पडतील ही भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर उपाय आहे: काही दशकं नावं झाकून वही अभ्यासाला द्यावी. भीतीपोटी वहीच फुंकून टाकणं हा उपाय नव्हे.

एवढ्याशा दुकानाच्या हिशेबातून काय मोठं निघणार, असंही म्हटलं जातं. इटलीतल्या प्रातो या गावचा फ्रान्चेस्को दातीनी हा व्यापारी 1410 मध्ये वारला. त्याच्या घरात जिन्याखालच्या जागेत त्याची पत्रं आणि हिशेबवह्या पडून होत्या, त्या 1870 मध्ये हाती लागल्या: पाचशेच्या वर वह्या आणि सुमारे दीड लाख पत्रं. मध्ययुगातल्या युरोपचा व्यापार, मजुरी, कापड, घरखर्च यांबद्दल आज जे खात्रीने सांगता येतं, त्यातलं पुष्कळ या एका घरातून आलं. आणि जपणुकीचं उदाहरण पाहायला इतक्या लांब जायचीही गरज नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांच्या भांडारांत व्यापारी समाजाने अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या शतकानुशतकं सांभाळल्या. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये त्यांची सूची छापली, आणि 1931 पासून दहाव्या शतकातल्या पुष्पदंतासारख्या कवीचे ग्रंथ त्या पोथ्यांवरून प्रसिद्ध होऊ लागले. एक साहित्यच्या साहित्य कारंज्याने वाचवलं. ज्या समाजाने पोथी रेशमी बासनात बांधून जपली, त्यानेच आपली वही मात्र पुड्या बांधायला दिली. पोथीला पावित्र्य होतं, वहीला वर्षभराचाच उपयोग होता, एवढंच त्याचं कारण. इतिहासाच्या अभ्यासकांकडूनही तिला न्याय मिळाला नाही: इतिहासकार राजवाड्यांपासून सुरू झालेल्या दफ्तरांच्या शोधात वाडे आणि संस्थानं पुढे राहिली, दुकानं मागे.

आता वेळ कमी आहे, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि गावच्या कापूस व्यापाराचा कणा मोडला. दुकानं किराण्याकडे, खत-बियाण्याकडे वळली. नंतर जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन पसरलं आणि आडतीचं स्वरूपच बदललं. 2017 च्या जीएसटीनंतर उरलेला हिशेब संगणकावर गेला. मोडी शाळांतून जाऊन सहा-सात दशकं झाली. महाजनी वाचणारे त्याहून थोडे. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची खरी गरज इथे आहे. खात्यावर लिहिलेलं टोपणनाव कुणाचं, अमुक खूण कशाची, सोडून दिलेली बाकी का सोडली, हे तेच सांगू शकतात, आणि समोर वही असली तर जास्त नेमकं सांगतात. म्हणून ज्यांच्या घरात अशा वह्या आहेत त्यांना विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, पानांचा क्रम न मोडता मोबाइलवर छायाचित्रं घ्या, कुठल्या गावच्या आणि कुठल्या दुकानाच्या ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. सांभाळणं होत नसेल तर नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ, तिथलं पुराभिलेख कार्यालय किंवा अमरावती विद्यापीठ यांच्यापैकी कुणाला तरी एकदा विचारा, आणि मगच काय ते ठरवा.