दर्याई नारळाच्या वनांत

फकिराच्या हातांतील होडीच्या आकाराचे काळे कुळकुळीत भिक्षापात्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काष्ठौषधींच्या दुकानांत दर्याई नारळ म्हणून उगाळण्यासाठी जो पांढरा कठीण तुकडा मिळतो, तो ह्याच फळाचा गर होय. हे फळ कोणत्या झाडाचे, हे शतकानुशतके कोणालाच ठाऊक नव्हते. ते मालदीवच्या किनाऱ्याला वाहत येऊन लागे. म्हणून झाड समुद्राच्या तळाशी असावे, असे लोक मानीत. गोव्यांत वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता ह्यांनी गोव्यांतच १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या फळाची, आणि विषावर उतारा म्हणून त्याच्या लौकिकाची, चर्चा केली आहे. कोडे सुटले ते १७६८ साली. सेशेल्समधील प्रालँ बेटावर आलेल्या फ्रेंच मंडळींना ते झाड जमिनीवरच, डोंगरउतारावर उभे असलेले आढळले.

त्या बेटाच्या मध्यभागी व्हाले द मे नावाची दरी आहे. क्षेत्र अवघे साडेएकोणीस हेक्टर. आपल्याकडील एखाद्या खेड्याचे गायरानही ह्याहून मोठे असते. तरीही १९८३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिले. दरवाजावर शुल्क भरून आंत शिरावे, की पायवाटा लागतात. त्यांचे फाटे दोन-तीन तासांत सावकाश पालथे घालतां येतात. आम्ही त्या वाटेने चाललो तेव्हां प्रथम जाणवला तो प्रकाशाचा बदल. बाहेर विषुववृत्ताचे ऊन आणि आंत एखाद्या जुन्या देवळांतल्यासारखा हिरवट अंधार. कोवळ्या झाडांना खोड असे नसतेच. जमिनीतूनच दोन-तीन पुरुष उंचीचे देठ निघतात आणि त्यांवर प्रचंड पंखे पसरतात. वारा सुटला म्हणजे ती जाड पाने एकमेकांवर आपटून जो खडखडाट होतो, त्याने नवखा मनुष्य दचकतो. मधूनच शिळेसारखा स्वर ऐकू येई. तो येथील काळ्या पोपटाचा. प्रालँखेरीज त्याची वस्ती दुसरीकडे कोठेही नाही.

सन १८८१ मध्ये इंग्रज सेनापती चार्ल्स गॉर्डन येथे आला आणि एदेन बाग ती हीच, व बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचे झाड हेच, असे त्याने ठरवून टाकले. गॉर्डन मोठा श्रद्धाळू गृहस्थ. पण असले जाड सोडण असलेले फळ हव्वेने कोणत्या कोयत्याने सोलले, ह्याचा विचार त्याने केलेला दिसत नाही!

झाडाचे खरे नवल निराळेच आहे. नर व मादी झाडे वेगळी असतात. फळ पिकण्यास सहा-सात वर्षे लागतात, आणि बी वीस किलोंच्या घरांत जाते. वनस्पतिसृष्टींतले हे सर्वांत मोठे बी. ताजे फळ पाण्यांत बुडते. मालदीवला पोहोचत ती आंतून कुजून हलकी झालेली, रुजण्यास निकामी फळे होत. म्हणून ह्या झाडाची संतती आईच्या पायाशीच वाढते. तेथील जमीन निकस आहे. पण पानांच्या घड्या पन्हळीचे काम करतात. पावसाचे पाणी, परागकण, कचरा हे सर्व बुंध्याशी आणून सोडतात. ह्या योजनेचा उलगडा संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केला.

परंतु फळेच उचलून नेली तर आईची ही सोय कोणासाठी? प्रवाशांना शोभेसाठी कवटी हवी असते आणि पूर्व आशियांत गराला मोठी किंमत येते; त्यामुळे रात्री चोरी होते. ज्या वनांतील फळे वर्षानुवर्षे गोळा केली गेली, तेथे म्हातारी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्याखाली कोवळी रोपे थोडी. शिवाय पिवळ्या वेड्या मुंग्यांचा उपद्रव २००९ पासून दरींत शिरला आहे. १९७९ साली स्थापन झालेली सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन ही संस्था येथील शुल्कांतून दूरच्या अल्दाब्रा बेटाचाही खर्च भागवीत आली. २०२० च्या साथींत प्रवासी थांबले, तेव्हां दोन्ही ठिकाणची ओढाताण झाली.

अधिकृत फळावर आतां सरकारी खूण असते व सोबत परवान्याचा कागद मिळतो. तो नसेल तर फळ देशाबाहेर नेतां येत नाही. रक्षक काही फळे मुद्दाम वनांत पुरून ठेवतात. त्यांतून उगवलेल्या झाडाला पहिला मोहोर येण्यास पंचवीस वर्षे तरी सहज लागतात, आणि पुढे फळ पिकण्याची सहा-सात वर्षे वेगळीच.