मोटारीच्या नावाची विक्री

गेल्या वर्षी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका द्वारसभेनंतर एक तरुण कामगार माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “अण्णा, जग्वार गाडी आपली झाली याचा आम्हांला अभिमान सांगतात; मग अँबॅसडर परक्यांना विकली, ती कशी काय? आणि ती विकली तेव्हा तिथल्या कामगारांना काय मिळाले?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी उभ्याउभ्या दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते. या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा तोच विषय घ्यावा असे ठरविले. मी वकील नव्हे, अर्थशास्त्रज्ञ तर नव्हेच. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते करारनामे, नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचून झाले, आणि त्यांतलेही पुष्कळसे फार उशिरा समजले.

मोटारीचे नाव ही वस्तू आहे, आणि मोटार ही निराळी वस्तू आहे. ऐकायला हे चमत्कारिक वाटते, पण आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला घ्या. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तेथे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो परवाना संपला. गाडी तीच, यंत्रे तीच, फिटर आणि वेल्डर तेच. पण नाव वापरण्याचा हक्क उरला नाही, म्हणून गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली. लोकांनी हा बदल मानलाच नाही. पाटण-जावळीकडून मुंबईला गेलेला आपला माणूस शेवटपर्यंत ‘फियाटच्या टॅक्सीत बसलो’ असेच सांगत राहिला. त्या टॅक्सींतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हासुद्धा म्हाताऱ्या चालकांच्या तोंडी फियाटच होती. लोकांच्या जिभेवर बसलेले हे नाव म्हणजेच मालकाच्या वहीतील मालमत्ता. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून निघणारी ‘प्रिया’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्कूटर घेतली असे कोणी म्हणत नसे, प्रिया घेतली असे म्हणत.

आता या मालमत्तेची विक्री कशी होते? आपल्या देशात व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदा आहे. त्या कायद्याने नोंदलेले नाव धंद्यासकट विकता येते, तसेच धंदा बाजूला ठेवून नुसते नावही विकता येते. त्याच वर्षी भौगोलिक निर्देशांचाही एक कायदा झाला, आणि त्यात नेमकी उलट गोष्ट आहे. सांगलीच्या हळदीला त्या कायद्याने नोंदणी मिळाली आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही मिळाली आहे. ते नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही, कारण ते त्या मुलखाचे आहे. हळद पिकवणाऱ्याच्या पाठीशी कायद्याने जे बळ उभे केले ते मोटार बनवणाऱ्याच्या पाठीशी केले नाही. एका गावात तीन पिढ्या राबून नाव मोठे केले, तरी त्या नावावर गावाचा तिळमात्र हक्क नाही. मला हे नेहमी खटकत आले आहे.

अँबॅसडरचे तसेच झाले. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमध्ये हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास ती अँबॅसडर या नावाने काढायला सुरुवात केली. मंत्री तिच्यात बसले, कलेक्टर बसले, आणि लग्नाच्या वऱ्हाडातली नऊ-नऊ माणसेही बसली. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे काम थांबले. त्या वेळी तेथे दोन हजारांहून अधिक कामगार पटावर होते. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये बातमी आली की ‘अँबॅसडर’ हे नाव व त्याची व्यापारचिन्हे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांस विकली. या पैशातून कामगारांची व सावकारांची देणी भागवण्याचा विचार आहे, असे विकणाऱ्यांच्या वतीने सांगण्यात आले.

या व्यवहारात काय गेले आणि काय राहिले ते नीट पाहू. नाव गेले. उत्तरपाड्याची जमीन गेली नाही, छपरे गेली नाहीत, यंत्रे गेली नाहीत आणि माणसेही गेली नाहीत. फ्रेंच कंपनीने कारखाना घेतलेला नसल्याने तिथल्या एकाही कामगाराशी तिचे कायद्याने नाते जुळले नाही. पुढे त्या घराण्याने तामिळनाडूत तयार करून जी गाडी आणली तिचे नाव सित्रोएँ. अँबॅसडर हे नाव विकत घेऊन कपाटात ठेवले गेले. याच प्यूजोने १९९४ साली आमच्या प्रीमियरशी भागीदारी करून कल्याणजवळ कारखाना चालवला होता, आणि कामगारांचे तंटे व मंदावलेली विक्री यांना कंटाळून १९९७ मध्ये अंग काढून घेतले होते. वीस वर्षांनी ती परत आली ती कारखान्याच्या नव्हे, नुसत्या नावाच्या खरेदीसाठी. आणि २०२१ साली फियाट व प्यूजो ही दोन्ही घराणी स्टेलँटिस नावाच्या एकाच कंपनीत विलीन झाली! कुर्ल्याचा फिटर आणि उत्तरपाड्याचा फिटर यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, पण त्यांच्या गाड्यांच्या नावांची पडली.

येथे मला माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगितले पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या भागात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना होता. नाव सांगत नाही. शंभर-सव्वाशे माणसे होती. त्यांच्या मालाचे नाव शेतकऱ्यांत आणि मेकॅनिकांत इतके चालत असे की दुकानदार दुसरा माल दाखवायचा तर आधी माफी मागायचा. एके दिवशी कळले की परदेशी कंपनी घेते आहे. आम्ही दारावर बसलो. ‘परका मालक नको’ ही घोषणा मीच लिहून दिली होती. दीड महिना बसलो, आणि मग एका कारकुनाने हळूच सांगितले की परका मालक येथे येणारच नाही. त्याने नाव आणि मालाचे नकाशे घेतले आहेत, कारखाना घेतलेला नाही. पैसे आले ते प्रथम बँकेने घेतले. ज्याच्याशी आम्ही भांडत होतो तो या गावात पाऊलही ठेवणार नव्हता, आणि ज्याच्याकडे मागायचे होते त्याच्या हाती काही उरले नव्हते. ग्रॅच्युइटीची शेवटची रक्कम मिळायला चार वर्षे लागली. तोवर दोघे वारले होते. त्या दीड महिन्यात मी एकदाही विचारले नाही की कागदावर विकले आहे ते नेमके काय.

उलट दिशेचा दाखला तळेगावचा. तेथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेवर्ले गाड्या होत असत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली आयटीआय झालेली मुले अशाच कारखान्यांच्या भरवशावर घर सोडतात. २०१७ च्या अखेरीस कंपनीने देशातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबवले. एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदा सरकारी मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा. शेवर्ले हे नाव अमेरिकेतल्या मालकापाशीच राहिले. उत्तरपाड्याला नाव गेले आणि भिंती राहिल्या. तळेगावला भिंती गेल्या आणि नाव राहिले. दोन्हीकडे कामगार मात्र सौद्याच्या यादीत नव्हता.

आता जग्वारकडे येऊ. येथे परका मालक म्हणजे आपणच! अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने जग्वार आणि लँड रोव्हर विकायला काढल्या तेव्हा अमेरिकेतील जग्वार विक्रेत्यांच्या एका पुढाऱ्याने उघड शंका काढली की हिंदी मालकाची गाडी गिऱ्हाईक घेईल काय? आम्ही दारावर जी घोषणा दिली तिचीच ही इंग्रजी आवृत्ती. पण इंग्लंडच्या युनाइट या कामगार संघटनेने तसे केले नाही. तिने खरेदीदारांचा रंग पाहिला नाही. तिने कारखाने चालू राहतील काय, इंजिने कोठून येतील आणि निवृत्तिवेतनाच्या निधीचे काय होईल ते पाहिले. आणि २००७ सालीच टाटांना आपली पसंती कळवली.

मार्च २००८ मध्ये करार झाला आणि २ जून २००८ रोजी व्यवहार पुरा झाला. किंमत २३० कोटी डॉलर. त्या किमतीत दोन्ही नावे आली, इंग्लंडमधले कारखाने आले, रचनेची केंद्रे आली, जगभरच्या विक्री कंपन्या आल्या. डेमलर, लँचेस्टर, रोव्हर अशी ज्यांच्या गाड्या कोणी बनवत नव्हते ती नावेसुद्धा आली. इंजिने व इतर भाग फोर्डने पुढेही पुरवायचे असे लिहून झाले. आणि विकणाऱ्या फोर्डने निवृत्तिवेतनाच्या निधीत सुमारे ६० कोटी डॉलर भरायचे, हेही ठरले. बंधुभगिनींनो, हा आकडा मी अनेक सभांत फळ्यावर लिहून दाखवतो. विकणारा पैसे घेऊन जातो ही रीत आपण पाहिली आहे. येथे विकणाऱ्याने जाता जाता कामगारांच्या म्हातारपणासाठी काही ठेवले, कारण सही होण्यापूर्वी कोणीतरी ते मागितले होते. खरेदीनंतर काही महिन्यांतच जगभर मंदी आली, टाटांना जबर तोटा सोसावा लागला, तरी कारखाने उभे राहिले. आता हे सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. कॅसल ब्रॉमविच येथील मोटारजुळणी २०२४ मध्ये बंद झाली. करार कामगाराला अमरपट्टा देत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २५-एफएफ हे कलम होते आणि त्याच धर्तीची तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. उपक्रमाची मालकी दुसऱ्याकडे गेली, तर नव्या मालकाने नोकरी अखंड धरावी, पूर्वीपेक्षा कमी अटी लावू नयेत, आणि पुढे कधी कमी करायचे झाले तर मागच्या वर्षांचीही भरपाई आपल्या शिरावर घ्यावी. तसे नसेल तर कपात झाल्याप्रमाणे नोटीस आणि भरपाई, म्हणजे प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. पण हे सारे उपक्रम हस्तांतरित झाला तर! नुसते नाव विकले तर उपक्रम जुन्या मालकाकडेच राहिला असे म्हणता येते. आणि नुसते भाग म्हणजे शेअर विकले तर कंपनी तीच, मालकही कायद्याच्या दृष्टीने तोच. तेव्हा नोकरी आपोआप चालू राहते, पण भरपाईही नाही. वर्तमानपत्र या तिन्ही प्रकारांना ‘कंपनी विकली’ हे एकच वाक्य वापरते.

कुपवाडच्या त्या मुलाने पुन्हा विचारले, “मग आम्हांला आधी कसे कळणार?” व्यापारचिन्हांची नोंदवही सरकारी आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. नाव कोणाच्या मालकीचे आहे, ते दुसऱ्याच्या नावे चढवण्यासाठी अर्ज आला आहे काय, हे त्यात दिसते. आमच्या कचेरीत तोच मुलगा आता दर तीन महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी ती नोंदवही संगणकावर उघडतो, आणि आमचे सभासद ज्या ज्या कारखान्यांत आहेत त्यांची नावे एकेक करून तपासतो. साताऱ्यातली नावे आधी घेतो, मग मिरज-कुपवाडची. तासाभराचे काम आहे.