‘गमत नाही’चं निदान

मुलगी सासरी गेली की आईला गमत नाही. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराला पहिला महिनाभर गमत नाही. बैलजोडी विकली, गोठा रिकामा झाला, म्हाताऱ्याला गमत नाही. तीन आठवडे झोप नाही, भाकर गोड लागत नाही, वावरात जायला पाय उचलत नाही, त्यालाही यवतमाळकडचा माणूस ‘गमत नाही’ असंच म्हणतो. पुण्या-मुंबईचं ‘करमत नाही’ याच्या जवळचं, पण इतकं ओझं ते वाहत नाही. यातलं कुठलं ‘गमत नाही’ पुढ्यात येऊन बसलंय, हे उपकेंद्रातल्या नर्सला ओळखायचं असतं.

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या दुखण्याबद्दल बोलायचं तर १९ मार्च १९८६ टाळता येत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी त्या दिवशी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद घेतली जाते. त्यानंतर सरकारने एक तपासणी मात्र पक्की बसवली, ती माणूस गेल्यावरची. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, नापिकी होती का. मग समिती ठरवणार ‘पात्र’ की ‘अपात्र’. पात्र ठरलं तर १ लाखाची मदत. त्या कागदावर माणसाची झोप कधी उडाली होती, हा रकाना नाही.

जिवंत माणसाकडे बघायला आपण फार उशिरा सुरुवात केली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला तो २०१५ मध्ये. त्यात आशाताई घरोघरी जाऊन ताणाखाली असलेली माणसं हेरतात. पुढे २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत ‘सीएचओ मॅडम’, बसू लागल्या. त्यांत नर्सिंग झालेल्या पुष्कळ, वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. अमेरिकेत मानसोपचारातली नर्स प्रॅक्टिशनर स्वतः निदान करते, बऱ्याच राज्यांत स्वतःच्या सहीने औषधही लिहिते. आपल्याकडे निदानाचा शिक्का डॉक्टरचाच. पण डॉक्टरपर्यंत कोण पोचणार आणि कोण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईन लावून घरी परतणार, हे बहुतेक वेळा या बाईच्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं.

तिच्या हातात नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, कामातला रस, स्वतःबद्दलची किंमत, असं विचारत जायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त बेरीज २७. दहा किंवा त्याहून जास्त झाली तर नीट बघावं. कागद चांगला आहे, पण तो चाळणी आहे, निदान नव्हे. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हे वर्गात सांगतात आणि त्या उपकेंद्रात विसरतात, कारण बेरीज करणं सोपं आणि विचारणं अवघड. छापील प्रश्न म्हणतो, ‘कामात रस किंवा आनंद वाटत नाही का?’ पन्नाशीचा कापूसवाला यावर हसेल. कामात आनंद? त्याला कोणी असं कधी विचारलेलंच नाही. तेच जरा वळवून बघा.

‘काकाजी, पोळ्याले बैल सजवले का औंदा?’

‘पोरानं सजवले.’

‘तुमी?’

‘मी बसून होतो. मले गमत नाही बाई.’

दरसाल शिंगं रंगवायला पुढे असणारा माणूस बाजेवर बसून राहिला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते कधीपासून, याची तारीखही.

तरी इथे थांबून ‘नैराश्य’ लिहायची घाई नको. आधी शरीर. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. असं विष अंगात गेलेला माणूस घाबरतो, बरळतो, गोंधळतो. बाहेरून पाहणाऱ्याला डोकं फिरल्यासारखं दिसतं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हे जिनं पाहिलं तिला कुठलाच प्रश्नसंच काढायची गरज नाही, गाडी बोलवायची. थायरॉइड, रक्तक्षय, साखर यांचाही थकवा नैराश्यासारखाच दिसतो.

दुसरा चकवा दारूचा. यवतमाळचं नवरात्र मोठं. घट बसले की रोजचा पिणारा गडी नेमानं दारू बंद करतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, झोप जाते, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ हाका मारतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, देवीचा कोप. तो असतो दारू एकदम तुटल्याचा विकार, आणि त्यात जीव जाऊ शकतो. ‘शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न बायकोला बाजूला घेऊन विचारायचा असतो. त्याच्यासमोर ती ‘घेतच नाहीत’ म्हणेल.

अंगात येणं हे प्रकरण निराळं, आणि शिकाऊ नर्सेस त्यावर फार लवकर लेबल लावतात. जत्रेत, आरतीला, चार बायकांबरोबर अंगात येतं, उतरल्यावर ती पाणी पिते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. निदानाची पुस्तकंही याला आजार म्हणत नाहीत. अवेळी, एकटीला, नको असताना येत असेल आणि संसार ठप्प होत असेल, तर विचारावं. कोलामाच्या पोडावर किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर तर हे सगळं कोलामीत, गोरमाटीत घडणार. दुभाषी म्हणून नवऱ्याला बसवू नये एवढं तरी पाळता येतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. बहुतेकींची जीभ तिथे अडते. विचारलं तर त्याच्या डोक्यात आपणच घालू, अशी भीती. ती खोटी आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ‘जगावं असं वाटत नाही का कधी?’ असं सरळ, आवाज न बदलता. होकार आला तर ठरवलंय का, कधी, घरात कोण आहे, फवारणीचं औषध कोणाच्या ताब्यात आहे. आणि त्याला एकटं सोडायचं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचा समजतो, गुन्हेगार नव्हे, हे पोलीस पाटलालाही सांगावं लागतं. रात्री-बेरात्री १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे.

हा सगळा खटाटोप फुकट जात नाही, याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून मिळतो. तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते तयार केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कर्जाचा प्रश्न मानसिक ठरवू नका, असं शेतकरी चळवळीतले मित्र म्हणतात. बरोबरच आहे. नर्स कापसाचा भाव वाढवू शकत नाही. पण झोप परत आलेला माणूस बँकेत जाऊन भांडू शकतो, हेही मी त्यांना सांगतो.

अवघड भाग पुढे असतो. डॉक्टरने गोळी दिली तरी तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आठव्या दिवशी काकाजी गोळ्या बंद करतात, ‘काही फरक नाही बाप्पा’. तोवर वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते. दिवसा घरी कोणी सापडत नाही. मग आशाताई तारीख बदलून आणते, बाजाराच्या दिवशी, उपकेंद्राच्या ओट्यावर. काकाजी भाजीची थैली घेऊन येतात आणि बसायच्या आधीच सांगतात, मी फक्त बीपी पाहाले आलो.