लाकडाचा जलांश व पृष्ठलेपन

लाकूड हा आर्द्रताशोषक पदार्थ असून रंग किंवा रोगण देण्यापूर्वी त्यातील जलांश योग्य असावा लागतो. जलांश लाकडाच्या पूर्ण शुष्क वजनाच्या शेकडेवारीत व्यक्त करतात. त्यामुळे हलक्या जातींच्या ओल्या लाकडात तो १००% पेक्षाही जास्त भरू शकतो. वाळताना प्रथम कोशिकांच्या पोकळ्यांतील मुक्त पाणी निघून जाते. सु. २५ ते ३०% जलांशाखाली कोशिकाभित्तींतील बद्ध पाणी जाऊ लागते व लाकूड आकसते. हे आकुंचन वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषीय दिशेत अरीय दिशेच्या साधारणपणे दुप्पट असते.

ओल्या लाकडात रंग सारखा शिरत नाही व डाग पडतात. रोगणाला फोड येतात. लाखेच्या पॉलिशावर पावसाळी हवेत येणारी पांढुरकी झाक मात्र लाकडाच्या दोषामुळे येतेच असे नाही. स्पिरिट झपाट्याने उडून पृष्ठ थंड होते व हवेतील बाष्प त्यावर सांद्रित होते. कोकणात भर पावसाळ्यात हे काम टाळणेच इष्ट.

पाण्यात कालवलेल्या रंगाने पृष्ठावरील तंतू फुगून उभे राहतात. म्हणून पृष्ठ आधीच ओल्या फडक्याने पुसतात आणि पूर्ण वाळल्यावर बारीक काचकागदाने हलके घासून मग रंग देतात.

घरगुती सामानासाठी सामान्यतः ८ ते १२% जलांश योग्य समजतात. दमट किनारी प्रदेशात याहून थोडा अधिक चालतो. रोगणामुळे लाकूड व हवा यांच्यातील बाष्पाची देवघेव मंदावते, थांबत नाही. केवळ दर्शनी बाजूला लेप देऊन मागील बाजू कोरी ठेवल्यास चांगली वाळवलेली फळीही वाकू शकते.