कूपरचा टाय आणि चेहऱ्यांचा बाजार

या जुलैत एफबीआयने डी. बी. कूपरच्या विमान अपहरण प्रकरणाचा तपास गुंडाळला त्याला दहा वर्षं होतील. तारीख १२ जुलै २०१६. आता यावर माणसं आणि पैसा खर्च करण्यात अर्थ नाही, नोटा किंवा पॅराशूट असा काही ठोस ऐवज मिळाला तरच कळवा, असं त्यांनी जाहीर केलं. आम्हा हौशी मंडळींना तेव्हा वाईट वाटलं, पण राग आला नाही. राग आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. ‘कूपरचं पॅराशूट सापडलं, कोडं सुटलं’ अशी बातमी जगभर फिरली आणि पुण्याहून मावसभावाचा निरोप आला, “काय रे, तुमच्या नदीकाठचा चोर सापडला म्हणे! आता रविवारी काय करणार तू?” सुटलं काहीच नव्हतं. पण तसं पटवून द्यायला गेलं तर ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही, आणि पटवून देणारेही फारसे उरलेले नाहीत.

आपल्याकडे विमान अपहरण म्हटलं की १९९९ चं कंदाहार आठवतं आणि अंगावर काटा येतो. अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात मात्र एका अपहरणकर्त्याच्या नावाचे टी-शर्ट विकले जातात, आणि एरियल नावाच्या खेड्यातल्या गुत्त्यात वर्षानुवर्षं त्याच्या नावाने जल्लोष चालायचा. त्या रात्री कुणाला खरचटलंही नाही, म्हणून हे खपून गेलं.

रात्र २४ नोव्हेंबर १९७१ ची, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसाची. पोर्टलंडहून सिएटलला जाणारं नॉर्थवेस्ट ओरिएंटचं बोइंग ७२७. पंचेचाळिशीच्या आसपासचा, सूट आणि काळा टाय घातलेला एक माणूस ‘डॅन कूपर’ या नावाने रोख पैसे देऊन तिकीट काढतो, विमानात बर्बन आणि सोडा मागवतो आणि हवाई सुंदरीच्या हातात चिठ्ठी देतो: माझ्याकडे बॉम्ब आहे. मागणी दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूटची. सिएटलला वीस-वीसच्या दहा हजार नोटा मिळाल्यावर त्याने छत्तीस प्रवाशांना सोडलं आणि विमान पुन्हा उडवायला लावलं: दिशा मेक्सिको, उंची दहा हजार फूट, चाकं खाली, फ्लॅप पंधरा अंशांवर. आठ वाजून गेल्यावर शेपटाकडचा जिना उघडून पावसाळी अंधारात त्याने उडी मारली. विमान रेनोला उतरलं तेव्हा मागे राहिला होता त्याचा क्लिपचा टाय, टायपिन, सिगारेटची आठ थोटकं आणि दोन पॅराशूट. ‘डी. बी.’ ही अक्षरं वार्ताहरांच्या गोंधळातून आली आणि चिकटली ती चिकटलीच.

पुढची पस्तीस वर्षं मी भराभर उलटतो, कारण त्या काळाचं वाचन मला कायम कंटाळवाणं वाटत आलंय. १९७२ मध्ये नकलाकारांची रांग लागली. त्यातल्या रिचर्ड मकॉयने पाच लाख डॉलर घेऊन तशीच उडी मारली, तो पकडला गेला, तुरुंगातून पळाला आणि १९७४ मध्ये गोळीबारात मेला. ७२७ च्या मागच्या जिन्याला उड्डाणात उघडू न देणारी एक पट्टी बसवली गेली, तिचं नाव ‘कूपर वेन’. १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. राल्फ हिमल्सबाख या एफबीआय अधिकाऱ्याने आठ वर्षं पाठलाग केला, निवृत्त झाला, पुस्तक लिहिलं. मग मरणशय्येवरचे कबुलीजबाब, ‘माझे काका त्या दिवशी लंगडत घरी आले’ वगैरे. या सगळ्यात एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला जात होता: तो कोण?

पस्तीस वर्षांत कामाची गोष्ट एकच घडली. १० फेब्रुवारी १९८० ला कोलंबिया नदीकाठच्या टीना बार या वाळूच्या पट्ट्यावर शेकोटीसाठी वाळू सारताना आठ वर्षांच्या एका मुलाला कूपरच्या नोटांची तीन बंडलं सापडली. पाच हजार आठशे डॉलर. कडा झिजून गोल झालेल्या, काळवंडलेल्या, पण रबर बँड जागच्या जागी. हात लावताच ते तुटले. या रबर बँडांनी पुढे आमची झोप उडवली.

आमचा काळ सुरू झाला २००७ च्या अखेरीस. मी तेव्हा व्हँकुव्हरला राहायला आलो होतो, कॅनडातल्या नव्हे, पोर्टलंडच्या पलीकडच्या तीरावरच्या. सिएटलच्या एफबीआय कार्यालयात लॅरी कार नावाच्या अधिकाऱ्याकडे ही धूळ खात पडलेली फाइल आली आणि त्याने सरकारी खात्यात कुणी करत नाही ते केलं: कागद बाहेर काढले. टायची छायाचित्रं, तिकीट, पॅराशूटचे तपशील लोकांसमोर मांडले आणि म्हणाला, बघा तुम्हाला काय दिसतंय. त्यापाठोपाठ सिएटलच्या बर्क संग्रहालयाशी संबंधित जीवाश्म अभ्यासक टॉम के यांनी कॅरल अब्राझिन्स्कस ही वैज्ञानिक चित्रकार आणि ॲलन स्टोन हे धातुतज्ज्ञ यांना घेऊन एक गट उभा केला. एफबीआयने या बाहेरच्या माणसांच्या हातात मूळ पुरावा दिला. आज हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

आम्ही त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारी पाच-सहा डोकी: एक निवृत्त भूगर्भतज्ज्ञ, एक पॅराशूट बांधण्यात हयात घातलेला गृहस्थ, नदीवर बार्ज हाकलेला एक म्हातारा, आणि मी, सॉफ्टवेअरवाला. पण भांडण अस्सल होतं. रबर बँडांचंच घ्या. उडीची जागा एरियलच्या आसपास, लुइस नदीच्या खोऱ्यात, असं एफबीआय म्हणत आलेली. बार्जवाला नकाशा पसरून बोट ठेवायचा: “लुइस कोलंबियाला मिळते ती टीना बारच्या खाली. पैसे प्रवाहाच्या उलटे चढले का?” मग कुणी वॉशूगल नदी पुढे करायचा, कारण ती वरच्या अंगाला मिळते. पण त्यासाठी विमानाचा मार्ग पूर्वेला सरकवावा लागे. तो सरकवला की वैमानिकांचं म्हणणं आड यायचं. वर पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचे लेनर्ड पामर यांनी १९८० मध्येच सांगून ठेवलेलं की नोटा १९७४ च्या गाळउपशाच्या थराच्या वर आहेत, म्हणजे त्या नंतर आल्या. आणि रबर बँड तर उघड्या पाण्यात वर्षभरही टिकत नाहीत. मग तीन वर्षं त्या नोटा होत्या कुठे? आमचे भूगर्भतज्ज्ञ शांतपणे विचारायचे, “तो थर उपशाचाच कशावरून? चिकणमाती नदी स्वतःही आणून टाकते.”

हे घरापर्यंत आलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमच्या बरणीत नदीचं पाणी आणि त्यात नोटांच्या आकाराच्या कागदांची रबर बँड लावलेली गठ्ठी असायची. काही आठवड्यांत रबर आधी चिकट झाला, मग त्याला बारीक चिरा पडल्या, मग हिवाळ्यात एका सकाळी तो तळाशी दोन तुकड्यांत पडलेला दिसला. बायकोने बरणी नाकासमोर धरली आणि म्हणाली, “चोराला पकडा नाहीतर सोडा, पण हे घरातून आधी जाऊ दे.” बरणी गॅरेजमध्ये गेली. निष्कर्ष मात्र टिकला: ती बंडलं पाण्यात फार काळ वाहत राहिलेली नसणार.

टायवरचं भांडण आणखी मोठं. के यांच्या गटाने टायवरची धूळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यात शुद्ध, मिश्रण न केलेल्या टायटॅनियमचे कण मिळाले. १९७१ मध्ये असा धातू मोजक्याच कारखान्यांत हाताळला जाई. सिएटलकरांच्या डोळ्यांसमोर लगेच बोइंग उभी राहिली. स्वनातीत प्रवासी विमानाचा टायटॅनियमवर बेतलेला प्रकल्प त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेने पैसे तोडल्यावर बुडाला होता, हजारो माणसं रस्त्यावर आली होती, आणि ‘सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत’ असा फलक शहराबाहेर लागला होता. नोकरी गेलेला, कारखान्यात टाय लावून फिरणारा, म्हणजे कामगार नव्हे, अभियंता किंवा पर्यवेक्षक: चित्र छान जमत होतं. तेवढ्यात आमचा पॅराशूटवाला म्हणायचा, “आणि टाय जुन्या बाजारातून विकत घेतलेला असेल तर?” खोलीत सगळे गप्प. कारण उत्तर नव्हतं, आणि नाही म्हणायची पद्धत तेव्हा होती.

खोटं खोडून काढायला तेव्हा किती कमी वेळ लागायचा, तेही सांगायला हवं. २००८ च्या मार्चमध्ये अँबॉयजवळ मुलांना जमिनीत पुरलेलं पॅराशूट मिळालं. कूपरची पॅराशूट बांधून देणारा अर्ल कॉसी तेव्हा हयात होता. त्याने ते पाहिलं आणि सांगितलं, हे रेशमी आहे, ती नायलॉनची होती. प्रकरण मिटलं. कॉसीच्या इतर आठवणींवर आम्ही भरपूर खडाजंगी केली, पण कापड कापडच असतं. २०१३ मध्ये त्याच्या राहत्या घरी त्याचा खून झाला. त्याच वर्षी टॅकोमाच्या राज्य इतिहास संग्रहालयात कूपरवर प्रदर्शन भरलं, आणि त्याने न घेता विमानातच सोडलेलं पाठीवरचं पॅराशूट मी काचेपलीकडून पाहिलं. आमचा पॅराशूटवाला त्यापुढे इतका वेळ उभा राहिला की रखवालदाराला शंका आली. त्याला एकच खटकत होतं: चांगलं, वळवता येणारं पॅराशूट सोडून या माणसाने जुनं लष्करी का निवडलं? आणि राखीव म्हणून शिवून बंद केलेलं, वर्गात दाखवायचं नकली पॅराशूट चुकून आलेलं, ते का नेलं? जाणकार असता तर हात न लावता.

आता जुने हिशेब. पहिला सरकारचा. विमानातली ती आठ थोटकं एफबीआयच्या ताब्यातून गहाळ झाली. डीएनएचं युग येईपर्यंत एका पाकिटात ती सांभाळता आली असती, तर टायवरच्या अर्धवट नमुन्यावर भिस्त ठेवायची वेळ आली नसती. दुसरा हिशेब ‘माझा माणूस’वाल्यांचा. प्रत्येकाच्या बगलेत एक चेहरा. एका बैठकीला आलेल्या अशाच एका लेखकाने सहा फूट उंची, तपकिरी डोळे, सगळं आपल्या माणसाला बसवलं. बसेना तेव्हा म्हणाला, साक्षीदार चुकतात. रबर बँडचं विचारलं तर त्याने पुस्तकाची किंमत सांगितली. आणि तिसरा हिशेब त्यांचा, ज्यांनी टीना मकलो या हवाई सुंदरीला जगू दिलं नाही. बावीस वर्षांची ती पोरगी बॉम्बवाल्याशेजारी तासन्‌तास बसली, त्याच्या सिगारेटी पेटवून दिल्या, प्रवाशांना सुखरूप उतरवलं. पुढे काही वर्षं ती मठात राहिली तर हे म्हणाले, काहीतरी लपवतेय. तिच्या दारावर थापा मारणाऱ्यांना हौशी संशोधक म्हणू नये, त्यांच्यासाठी मराठीत खमके शब्द आहेत.

२०१६ नंतर चेहऱ्यांचा बाजार मोकळा झाला. पुराव्याशी टक्कर घेणारा कार कधीच दुसऱ्या कामावर गेला होता आणि सरकार तर हात झटकून बसलं होतं. दूरचित्रवाणीवर जुन्या पत्रांतले आकडे जुळवून नाव काढून दाखवलं गेलं. गावाकडे पंचांग उघडून हरवलेली म्हैस सांगणारे याहून जपून बोलतात. मध्येच २०२० मध्ये एक ज्योत पेटली: के आणि सहकाऱ्याने नोटांवर अडकलेल्या डायटम या सूक्ष्म शैवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती शैवालं वसंत-उन्हाळ्यात फोफावणारी. म्हणजे नोटा नोव्हेंबरातल्या त्या रात्री नदीत पडल्या नाहीत, नंतर कधीतरी ओल्या झाल्या. इतका मोठा धागा, पण त्यात चेहरा नव्हता. दोन दिवसांत विसरला गेला.

आणि मग २०२४ चं पॅराशूट. मकॉयच्या मुलांनी घरच्या अडगळीतलं पॅराशूट पुढे केलं, एफबीआयने ते नेलं, एवढ्यावर ‘कोडं सुटलं’. मकॉय १९७१ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा होता, साक्षीदारांनी पंचेचाळिशीचा माणूस सांगितला. म्हणूनच एफबीआयने त्याला तेव्हाच बाजूला ठेवलं होतं. हे सगळं पन्नास वर्षं छापलेलं आहे. २००८ चं पॅराशूट एका कापडाच्या परीक्षेत निकालात निघालं. हे दुसरं अजूनही गप्पांत ‘सापडलं की’ म्हणून फिरतंय.

आमचा बार्जवाला गेला, भूगर्भतज्ज्ञ मुलीकडे ॲरिझोनाला गेले, वाचनालयाच्या त्या खोलीत आता योगवर्ग भरतात. तक्रार त्याची नाही, माणसं पांगायचीच. तक्रार ही की कामाची वस्तू अजून जिवंत आहे आणि तिला कुणी हात लावू देत नाही. २०२३ मध्ये एका हौशी अभ्यासकाला टाय तपासायला मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं. २००९ मध्ये जे विनंतीवर मिळत होतं त्यासाठी दावा! ज्या खात्याने थोटकं हरवली त्याने टाय जपण्याचा आव आणावा, हे नवलच. टायवरचा तो अर्धवट डीएनए नमुना निघाला त्या २००१ च्या मानाने आजची तंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत. टाय एखाद्या प्रयोगशाळेला द्या, निकाल काहीही लागो.

तोवर कुणी नवा चेहरा घेऊन आला की मी त्याला तीन गोष्टी विचारतो. नोटा टीना बारला कशा पोचल्या? रबर बँड तोपर्यंत शाबूत कसे राहिले? टायवरचं टायटॅनियम कुठलं? आजवरचे सगळे पहिल्या प्रश्नाला घसा खाकरतात आणि दुसऱ्याला त्यांना अचानक दुसरं काम आठवतं.