शिरस्त्राणांवरची अक्षरे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या नागरी संरक्षण सेवांनी, म्हणजे हवाई हल्ल्यांपासून सामान्य नागरिकांचा बचाव करण्यासाठी उभारलेल्या बिगरलष्करी सेवांनी वापरलेली पोलादी शिरस्त्राणे संग्राहकांच्या जगात बराच काळ दुय्यम मानली गेली, कारण रणभूमीवरून आलेल्या वस्तूंभोवती असते तसे शौर्याचे वलय त्यांना नव्हते. वस्तुतः सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळातील बॉम्बहल्ल्यांत, ज्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणतात, चाळीस हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले आणि ढिगाऱ्यांतून माणसे बाहेर काढणारे हात अनेकदा शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे होते. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या हवाई हल्ला वॉर्डन सेवेत अर्धवेळ व विनावेतन काम करणाऱ्यांचा मोठा भरणा होता आणि त्यांत स्त्रियांची संख्याही लक्षणीय होती.

या शिरस्त्राणांचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्यांवर रंगवलेली अक्षरे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ‘डब्ल्यू’ असला की ते वॉर्डनचे, ‘आर’ असला की बचाव पथकाचे, ‘एस पी’ असली की जखमींना वाहून नेणाऱ्या स्ट्रेचर पथकाचे, असा संकेत होता. वरिष्ठ वॉर्डनची शिरस्त्राणे मात्र पांढरी असत, म्हणजे संपूर्ण काळोखाच्या सक्तीतही अधिकारी कोण हे दुरून ओळखू येई. काही अक्षरे साच्याने उमटवलेली, तर काही हाताने काढलेली आढळतात, आणि हाताने काढलेल्या अक्षरांचा किंचित तिरकेपणाच अनेकदा त्यांच्या अस्सलपणाची साक्ष देतो.

अधिक बोलका पुरावा कडेवर असतो. सैनिकांसाठीची ‘मार्क टू’ शिरस्त्राणे मँगनीजयुक्त कठीण पोलादाची असत. परंतु कसोटीत कमी उतरलेली किंवा साध्या मृदू पोलादाची कवचे टाकून न देता नागरी सेवांकडे वळवली जात आणि ती चुकून आघाडीवर जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कडेला बारीक छिद्रे पाडली जात. कडेच्या खालच्या बाजूस उत्पादकाची आद्याक्षरे आणि वर्ष ठोकलेले असते, ते या छिद्रांच्या जोडीने वाचले तर युद्धकालीन पोलादाची टंचाई, आघाडीला मिळणारे प्राधान्य आणि घरच्या रक्षकांच्या वाट्याला आलेली दुय्यम प्रत हे सारे बोटाच्या पेराएवढ्या जागेत सापडते. संग्राहकाने सर्वप्रथम पाहावे ते हेच, अक्षरे नंतर.

१९४० च्या अखेरीस आलेले ‘झुकरमन’ शिरस्त्राण या वर्गातील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू ठरते. स्फोटांचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांचे नाव त्याला चिकटले असले, तरी त्यामागच्या संशोधनात मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांचाही सहभाग होता. गोळीपेक्षा वरून कोसळणाऱ्या विटांचा धोका मोठा हे ओळखून त्याचा माथा उंच ठेवला गेला, त्यामुळे कवच आत दबले तरी डोक्यापर्यंत पोहोचण्यास अवकाश राहतो. आतील पट्टा कडेच्या जोडछिद्रांतून बुटाच्या नाडीसारख्या दोरीने ओवलेला असतो. आगीवर पहारा देणाऱ्यांसाठी आणि खासगी खरेदीसाठी बनलेले हे मृदू पोलादाचे शिरस्त्राण साडेपाच शिलिंगांना मिळे. मूळ दोरी टिकून असलेला नमुना गुळगुळीत पण दोरी बदललेल्या नमुन्यापेक्षा अधिक मोलाचा मानला पाहिजे.



बाजारातील मुख्य अडचण बनावटीची आहे, कारण साधे, स्वस्त ‘मार्क टू’ कवच घेऊन त्यावर ‘डब्ल्यू’ रंगवणे अगदी सोपे आहे. गंजाच्या खळग्यांत आणि जुन्या ओरखड्यांच्या आत शिरलेला रंग हा नंतर चढवलेला रंग असतो, तर अस्सल अक्षरावरून ओरखडे आरपार गेलेले दिसतात. मात्र प्रत्येक दुसरा थर म्हणजे फसवणूक असे समजणे अन्यायाचे होईल, कारण सेवा बदलली की त्याच कवचावर नवे अक्षर चढे, आणि १९४९ ते १९६८ या काळातील ब्रिटिश नागरी संरक्षण दलानेही जुनी कवचे पुन्हा वापरली. म्हणूनच जुना रंग खरवडून शिरस्त्राण ‘नव्यासारखे’ करणे ही या छंदातील सर्वांत मोठी हानी होय. सैल झालेली माती मऊ कुंचल्याने झाडावी, कवच कोरड्या जागी ठेवावे आणि ते कोणत्या गावातून, कोणत्या घरातून आले याची नोंद त्यासोबत जपावी, कारण ती माहिती पोलादावर कुठेही ठोकलेली नसते.