तुर्की वंश, फार्सी दफ्तर, देशी हिशेब

बेळगावजवळ कंग्राळी नावाची दोन गावे आहेत : एक बुद्रुक, दुसरे खुर्द. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द मूळचे फार्सी. मग ते येथे रुजविणारे राज्यकर्ते इराणी होते काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

इ. स. १४९० च्या सुमारास विजापूरची आदिलशाही स्थापन करणारा युसुफ आदिलखान तुर्क मानला जातो. फिरिश्ता या इतिहासकाराने तर त्याला उस्मानी राजपुत्र ठरविले; ती कथा संशोधकांना संशयास्पद वाटते. तथापि विजापूर दरबाराची भाषा फार्सी होती. यात नवल नाही. गझनीचा महमूद तुर्क. पण फिरदौसीचे फार्सी महाकाव्य ‘शाहनामा’ त्याच्याच अमदानीत पुरे झाले. उलट इराणचा शहा इस्माईल काव्य रची ते बहुतांशी तुर्कीत.

आता बेळगावचा किल्ला पाहा. तेथील सफा मशीद बांधणारा विजापूरचा सरदार असदखान लारी हा इराणातील लार प्रांताचा. पुढे पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवविले आणि येथील ब्राह्मण कारकुनांचा दफ्तरात शिरकाव झाला.

सारांश, राजाचा वंश, दरबाराची भाषा आणि रयतेची बोली ही तीन निरनिराळी मापे आहेत. एकावरून दुसरे ठरवू गेल्यास इतिहास चुकतो. घरची बोली एक व कचेरीची भाषा दुसरी, असा रोजचा अनुभव असलेल्या आपणां सीमावासीयांना हे निराळे सांगावयास नको.